शेतकरी आत्महत्येची फाईल आणि धोरणातले कथन

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांना मिळणाऱ्या शासकीय मदतीवर प्रबंध लिहायचा आहे. त्यासाठी विधवांच्या मुलाखती घ्यायचे तिने ठरवले, तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, ‘गोष्टी गोळा करू नका, डेटा आणा.’ धोरणाच्या अभ्यासात कथनाला खरोखर जागा आहे का, आणि असेल तर ते अभ्यासायचे कसे, असे तिने विचारले आहे.

जागा आहे, आणि ती कोपऱ्यातली नाही. विदर्भात सरकारी योजनांच्या मूल्यमापनाचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. त्यातून झालेले माझे मत आधीच सांगून टाकतो. गोष्ट फक्त पीडित माणूस सांगतो आणि सरकार मात्र आकडे देते, ही समजूत चुकीची आहे. सरकारही गोष्टच सांगते. संकट कशामुळे आले, कोण सोसतो आहे, दोष कुणाचा, उपाय काय, हे सगळे ठरवल्याशिवाय एकही योजना निघत नाही. ही गोष्ट मंत्र्यांच्या भाषणात सापडते त्याहून जास्त स्पष्ट अर्जाच्या नमुन्यात आणि पात्रतेच्या अटींत सापडते. शिवाय या गोष्टीतून बहुतेक वेळा एक जण गायब असतो, तो म्हणजे ती सांगणारा. अभ्यासकाने मुख्यतः हेच शोधायचे असते.

तुमच्याच विषयावर बोलू. राज्य शासनाच्या २३ जानेवारी २००६ च्या निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार लगेच हाती आणि ७० हजार ठेवीत. मृत्यूचे कारण तीनपैकी असायला हवे: नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जफेडीचा तगादा. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले पाहिजे. शेतजमीन मृताच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या तरी नावावर हवी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते.

ही वाक्ये प्रशासकीय वाटतात. पण त्यांत पूर्ण कथानक बसलेले आहे. पाऊस गेला, पीक बुडाले, सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुटुंबातल्या माणसाचे कागदावरचे कर्ज थकले, बँकेची नोटीस आली, त्याने जीव दिला. एखादे घर या कथानकात चपखल बसले, तर मदत मिळते. घर तितकेच उद्ध्वस्त झालेले असले पण कथानक जरा वेगळे असले, तर मिळत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातले एक प्रकरण सांगतो. गाव आणि नावे देणार नाही. वडिलांच्या नावावर दोन एकर कोरडवाहू, आणि मुलगा आणखी सहा एकर ठोक्याने, म्हणजे ठरावीक रक्कम देऊन दुसऱ्याची जमीन, करायचा. ठोका तोंडी होता, तिकडे तो तसाच असतो. दुबार पेरणी करावी लागली, तेव्हा बियाणे आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर उचलले. ठोक्याचे पैसे आगाऊ द्यायचे म्हणून गावातल्या एका माणसाकडून व्याजाने रक्कम घेतली. परवाना वगैरे प्रश्नच नव्हता. गावच्या सहकारी सोसायटीचे कर्ज वडिलांच्या नावावर होते आणि ते मार्चमध्ये नवे-जुने करून घेतलेले होते, म्हणजे जुने कर्ज फेडल्याचे दाखवून नवे उचललेले. कागदावर थकबाकी शून्य. मुलाने ऑक्टोबरात कीटकनाशक घेतले.

फाईल जाड होती. मर्गची (आकस्मिक मृत्यूची) पोलीस नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, तलाठ्याचा अहवाल, पोलीस पाटलाचा जबाब, सातबारा, आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), सोसायटीचा दाखला. शेवटच्या पानावर निष्कर्ष होता: मृताच्या नावे थकीत कर्ज नाही, तगाद्याबाबत पुरावा नाही, सबब प्रकरण अपात्र ठरविण्यात येत आहे. बायकोला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, ‘कागदावर नसन, पन देनं त होतंच ना. तो मानूस रोज दारात येऊन बसे.’ तगादा होता, पण नोटिशीच्या रूपात नव्हता. जबाब घेणाऱ्याने तिला विचारले होते, ‘बँकेची नोटीस आली होती का?’ ती ‘नाही’ म्हणाली. जबाबात तेवढेच उतरले.

इथे कुणी खोटे लिहिले नाही, हे नीट ध्यानात घ्या. तलाठी प्रामाणिक होता, तहसीलदारांनी नियमाप्रमाणेच केले. कथानकच असे आखलेले होते की त्या घरातले खरे त्यात मावत नव्हते. तुम्ही फक्त आकडे घेतले असते, तर जिल्ह्यात इतकी प्रकरणे पात्र आणि इतकी अपात्र, एवढे हाती लागले असते. अपात्र म्हणजे शेतीशी संबंध नसलेली आत्महत्या, असा त्याचा अर्थ अधिवेशनातल्या उत्तरांत आणि बातम्यांत सर्रास लावला जातो. मुलाखत आणि फाईल शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हा अर्थ किती फसवा आहे ते कळत नाही. मार्गदर्शकांना जो डेटा हवा आहे, तो या कथानकाच्या चाळणीतून गळूनच आलेला आहे. हे त्यांना दाखवून द्या, ते ऐकतील.

आता त्या तीन कारणांकडे पुन्हा पाहा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डेबोरा स्टोन यांनी १९८९ साली एक मांडणी केली, ती माझ्या कामात फार उपयोगी पडली आहे. कोणतीही अडचण सार्वजनिक प्रश्न बनते ती तिच्या कारणाची गोष्ट सांगितली जाते तेव्हा, असे त्या म्हणतात. गोष्ट निसर्गाची किंवा योगायोगाची असेल तर कुणी जबाबदार नाही, फार तर मदत करायची. गोष्ट माणसाच्या कृतीची असेल तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो. म्हणून राजकारणातली निम्मी झटापट एखादी घटना या खान्यातून त्या खान्यात सरकवण्यासाठी चालते.

नापिकी हे निसर्गाचे कारण. तगादा हे बँकेचे किंवा सावकाराचे. कर्जबाजारीपणा शेतकऱ्याच्या स्वतःच्या अंगाला चिकटलेला. यात कापसाचा भाव कुठेच नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस सरकारी यंत्रणाच विकत घ्यायची. हमीभावावर दिला जाणारा आगाऊ बोनस २००५ च्या हंगामात बंद झाला आणि कापसाचा भाव घसरला. तो हंगाम ऐन भरात असतानाच जानेवारी २००६ चा शासन निर्णय आला. पीक चांगले आले पण भावाने मारले, असे सांगणाऱ्या घराला या नमुन्यात लिहायला रकाना नाही. भाव ठरवण्यात सरकारचा हात होता, म्हणून तो रकाना मुद्दाम गाळला, असे मी म्हणत नाही. मुद्दाम गाळावा लागतच नाही. मदत करणारा स्वतःला कारणांमध्ये मोजत नाही, ही सवय फार जुनी आहे.

किती जुनी ते पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला विचारा. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जखते जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात हेच दख्खनचे दंगे. मागची हकीकत अशी होती की अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सढळ मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळला, सावकारांनी हात आखडला. नेमक्या त्याच सुमारास फेरआकारणी होऊन सारा, म्हणजे सरकारचा जमीन महसूल, अनेक ठिकाणी दीडपट ते दुप्पट झाला. सरकारने चौकशी आयोग नेमला. साऱ्याच्या वाढीमुळे दंगा झाला का, हे पाहण्याचे काम आयोगाकडे होते. आयोगाने रयतेचे, सावकारांचे, साक्षीदारांचे जबाब घेतले, आकडे गोळा केले, आणि शेवटी सारा हे कारण नव्हे, दोष सावकारांचा, असा निर्वाळा दिला.

पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो चांगला होता, हे आवर्जून सांगायला हवे. न्यायालयाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. म्हणजे गोष्टीने खरे काम केले, लोकांचे भले केले. पण त्या गोष्टीत एकच खलनायक होता, आणि सारा वसूल करणारे सरकार तारणहाराच्या भूमिकेत गेले. सव्वाशे वर्षांनी विदर्भात तेच कथानक, तीच पात्ररचना मला पुन्हा दिसली. तुमच्या प्रबंधात एक प्रकरण या तुलनेला द्या, असा माझा आग्रह आहे. आयोगाचा अहवाल उपलब्ध आहे, आणि त्यात जबाब कसे नोंदवले आहेत ते आजच्या पंचनाम्याशी ताडून पाहण्यासारखे आहे.

कथनात घटनास्थळही असते, आणि त्याचेही पैशांत रूपांतर होते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले ते सहा जिल्ह्यांना: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा. आत्महत्येची गोष्ट तेव्हा ‘विदर्भाची’ म्हणून सांगितली जात होती, म्हणून मराठवाड्यातले शेतकरी बाहेर राहिले. पॅकेजचा सर्वांत मोठा हिस्सा, २,१७७ कोटी, सिंचन प्रकल्पांसाठी होता, कारण कथानकात पाणी नसणे हे मूळ दुखणे होते. ते दुखणे खोटे नव्हते. पण प्रकल्पाचे पाणी शिवारात यायला वर्षे लागतात, आणि कृषी केंद्राची उधारी दिवाळीला फेडायची असते.

२००८ ची केंद्राची कर्जमाफी तर या विषयाचा उत्तम धडा आहे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली तेव्हा अंदाज ६० हजार कोटींचा होता. दोन हेक्टरपर्यंतच्या (म्हणजे सुमारे पाच एकर) शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ. त्यावरच्यांना उरलेले आधी भरले तर २५ टक्के सवलत. मागची गोष्ट सरळ आणि मनाला पटणारी होती: लहान जमीन म्हणजे गरीब शेतकरी. आता सांगली-कोल्हापूरकडचा पाच एकर बागायत उसाचा मालक आणि यवतमाळचा आठ एकर कोरडवाहू कापसाचा मालक शेजारी उभे करा. पहिला दोन हेक्टरच्या आत, दुसरा बाहेर. विदर्भात धारणक्षेत्र मोठे आणि उत्पन्न तुटपुंजे. ज्या प्रदेशातल्या मृत्यूंमुळे देशभर कर्जमाफीची हवा तयार झाली, तिथल्याच अनेकांना ती अर्धवट मिळाली. खासगी उसनवारीला तर ती लागूच नव्हती. दोन हेक्टर हा आकडा कुणी अज्ञानातून घेतला नाही. एका गोष्टीतल्या गरीब माणसाचे चित्र मोजता येईल अशा एककात आणले, की असा आकडा तयार होतो. आकडे आणि कथन हे दोन वेगळे प्रांत आहेत असे जे शिकवले जाते, ते यासाठीच मला मान्य नाही.

या सगळ्या कथानकांत बाई फक्त विधवा म्हणून येते. ती पेरते, निंदते, वेचते, पण जमीन तिच्या नावावर क्वचित असते, म्हणून तिने स्वतः जीव दिला तर शेतकऱ्याची आत्महत्या म्हणून नोंद होणे अवघड. आणि नवरा गेल्यावर ती फाईलमध्ये वारस म्हणून येते तेव्हा तिची गोष्ट धनादेशाच्या दिवशी संपते. पुढे सातबाऱ्यावर नाव चढवायला सासरचे तयार आहेत का, मुलांची फी, तिच्या अंगावर आलेली उधारी, याला फाईलमध्ये पाने नाहीत. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ महिलांचे सर्वेक्षण केले. त्यांनी एकेकीचे हाल सुटे मांडले नाहीत. वारस नोंद, निवृत्तिवेतन, रेशन, शिक्षण असे प्रश्न गोष्टींतून वेचून काढले आणि त्यांची मोजणी केली. २०१९ साली राज्य शासनाने या महिलांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. कथन आणि मोजणी एकमेकांना कशी पुरी पडतात, ते या कामात पाहायला मिळते. शेतमजुरांबाबत एवढेही झालेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ साली शेतमजुरांच्या आत्महत्या वेगळ्या मोजल्या, तेव्हा देशात ५,६५० शेतकरी आणि ६,७१० शेतमजूर अशी नोंद निघाली. शेतमजुरांचा आकडा मोठा असूनही त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून त्यांच्यासाठी तशी योजनाही नाही.

मग रूढ कथन बदलते कसे? एमरी रो हे धोरण अभ्यासक सांगतात की प्रस्थापित कथन नुसत्या टीकेने हलत नाही, त्याच्या जागी बसेल असे दुसरे कथन लागते. याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशींचे. शेतकरी अडाणी, उधळ्या, लग्नात पैसा उडवणारा, म्हणून कर्जबाजारी, ही गोष्ट त्यांच्याआधी शहरात सर्वमान्य होती. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांनी दुसरी सांगितली: शेतमालाचा भाव धोरणाने पाडला जातो, म्हणून शेती तोट्यात, म्हणून कर्ज. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या एका घोषणेत कारण, दोषी आणि मागणी तिन्ही आले. अनुदान मागणारा याचक थकलेले येणे मागणारा धनको झाला. त्यांच्या अर्थकारणाशी तुमचे पटो न पटो, कथनाची ही कामगिरी अभ्यासण्यासारखी आहे. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात शेतकरी महिला प्रचंड संख्येने जमल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा असे आवाहन झाले. ज्या सातबाऱ्यापाशी वरच्या फायली अडतात, तिथे संघटना तेव्हाच पोहोचली होती.

पद्धतीबद्दल थोडे. २०१० पासून अमेरिकेत कथन आणि धोरण यांच्या अभ्यासाची एक काटेकोर चौकट वापरात आली आहे. त्यात मजकुरातले नायक, खलनायक, पीडित, घटनास्थळ, कथानक, तात्पर्य यांची सांकेतिक नोंद करून मोजणी करतात. पत्रके, भाषणे, अग्रलेख यांना ती चांगली लागू पडते. शासन निर्णयाला ती जशीच्या तशी लावू नका. त्यात नायक-खलनायक उघडपणे नसतात. अटींतून उलटे जावे लागते: ही अट कोणत्या माणसाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून घातली असेल? कोण त्यातून गळतो? कोणते कारण लिहायला जागाच नाही?

प्रत्यक्ष कामात सुरुवात एकाच तालुक्यापासून करा. माहिती अधिकारात पात्र आणि अपात्र, दोन्ही प्रकरणांचे समितीचे इतिवृत्त मागा. नावे वगळून मिळाले तरी चालेल, निष्कर्षाची भाषा महत्त्वाची. अपात्रतेची कारणे शब्दशः उतरवून घ्या, त्यांचा तक्ता करा. मग मुलाखतींना जा. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक घरात मन इतके भरून येते की काय विचारायचे ते सुचत नाही, आणि हाती करुण प्रसंग उरतात, जे कोणत्याही वर्तमानपत्रात आधीच छापून आलेले असतात. एका प्रसंगावरून सर्वसाधारण विधान करायचा मोह इथे सर्वांत मोठा असतो. यवतमाळच्या त्या घरावरून ‘अपात्र प्रकरणे चुकीची असतात’ असे म्हणता येणार नाही. ‘तोंडी ठोका आणि विनापरवाना कर्ज असलेली घरे या नियमात बसत नाहीत’ एवढेच म्हणता येईल. ती किती आहेत ते तक्ता सांगेल.

तलाठी, ग्रामसेवक, बँकेचा शाखाधिकारी यांच्याही मुलाखती घ्या. कोणते प्रश्न विचारायचे आणि जबाबात काय उतरवायचे, हे जागेवर तेच ठरवतात. जमेल तितके माणसाला नियमात बसवून देण्यासाठी शब्द निवडणारे तलाठी मी पाहिले आहेत, आणि धास्तीपोटी एकही शब्द इकडेतिकडे न करणारेही.

विधवेकडे जाताना मात्र एक पथ्य पाळाच. तिने ही हकीकत पोलिसांना, तलाठ्याला, पत्रकारांना, पुढाऱ्यांना सांगितलेली असते, आणि प्रत्येकाने आपल्याला हवे तेवढे उचललेले असते. मृत्यूच्या दिवसापासून सुरुवात करू नका. या वर्षी काय पेरले, कुणाच्या नावावर, पैसे कुठून आणले, इथून विचारा. ती शेतकरी म्हणून बोलायला लागते आणि उत्तरेही नेमकी मिळतात. तिचा जबाब फाईलमध्ये कसा लिहिला आहे ते तिची तयारी असेल तर वाचून दाखवा आणि तिच्या मते काय राहिले ते नोंदवा. मूळ जबाब आणि तिची दुरुस्ती, असे दोन स्तंभ प्रबंधाच्या परिशिष्टात घाला, नावे आणि गावे काढून. वारस नोंदीचा अर्ज अडकलेला असेल तर त्याची तारीख विचारून ठेवा आणि परत येताना तहसीलमध्ये चौकशी करा. ही चौकशी संशोधनाच्या चौकटीत बसते का, असे विचाराल तर माझ्या मते बसते: अर्ज कुठे आणि का थांबला, ही तुमच्या अभ्यासाचीच माहिती आहे.